फासा पलटणे म्हणजे काय

मु. चुडावा, फाल्गुन वद्य, सन १९५५

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या सूर्यभानचा दंडवत. सेलूत सगळे खुशाल असाल, वहिनींचा खोकला हटला असेल, असं धरून चालतो. माझ्या प्रकृतीचं विचारू नका. कालपासून डोकं बधिर झालं आहे.

नातवाच्या बारशाला आम्ही उभयता सूनबाईच्या माहेरी आलो. नाव आपल्या आबांचंच, येडबा, ठेवायचं असं मी मनात पक्कं केलं होतं. (आबांचं नाव घरात पुन्हा ऐकू यावं, एवढी एकच हौस उरली आहे माझी.) ते बोलून दाखवलं, तर असलं जुनं नाव नको म्हणून सूनबाईनं डोळ्यांना पदर लावला! मग तिचे वडील, आमचे व्याही सुग्रीवराव, हसत म्हणाले, सारीपाट मांडू, जिंकेल त्यानं नाव ठेवावं. मी लगेच हो म्हटलं. आबांच्या हाताखाली शिकलेला माणूस, हरतो कशाला?

डाव शेवटाला आला. मला सहा हवे होते, पडला एक. डावात एकदा फासा पलटता येतो, हे दोघांनाही कबूल. पण सुग्रीवरावांच्या मते पलटणे म्हणजे फासा उचलून पुन्हा टाकणे. मी चाटच पडलो. अहो, भाकर पलटतो तेव्हा ती उचलून पुन्हा थापतो का? कूस बदलतो! एकाच्या पोटाखाली सहा असतात, ते वर करायचे. (निजामाच्या अमलात वकिली केली असती तर नाव काढलं असतं, इतका मुद्देसूद बोललो.) व्याही शांतपणे म्हणाले, "ईवाई, तुमचंच खरं हाय. म्या कुठं न्हाई म्हणायलोय?" मी सहा वर केले, सोंगटी घराच्या दारात नेली, आत जायला एकच दान उरलं. मग त्यांनी फासा टाकला. त्यांना जिंकायला हवे होते पाच, पडले दोन. आणि हा सज्जन माणूस मला विचारतो, "भाकर पलटू का?" दोनाखाली पाच असतात हो, दादा! माझ्याच तोंडानं मी त्यांना जिंकवलं.

पण खरा हादरा पुढेच. आपली बायना, बाळाची आत्या, पाळण्यापाशी गेली, व्याह्यांनी सांगितलेलं नाव तिनं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि मग मोठ्यानं घेतलं: सूर्यभान! जित्या आजाचं नाव! शेजारच्या केवळाबाईनं तर मलाच विचारलं, "आजा कवा गेला म्हणायचा?" व्याही म्हणतात, "तुमच्यावानी भांडणारा निघू द्या." हा मान की थट्टा, मला अजून उमगलेलं नाही. आता इथेच थांबतो.

आपला धाकटा बंधू,
सूर्यभान (थोरला)

ता. क. खरं काम राहिलंच. मिळेल त्या गाडीनं या आणि व्याह्यांना सांगा की आमच्या झरी गावात पलटणे म्हणजे पुन्हा टाकणेच, आबा तसंच खेळायचे. (खेळायचेच, तुम्हालाही ठाऊक आहे.) डाव रद्द होईल. शिवाय कोकिळेचं काय? लग्न झाल्यापासून तिनं उखाण्याबाहेर माझं नाव घेतलेलं नाही. ती नातवाला हाक कशी मारणार?

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवतच होतो. बाळ रडायला लागलं. आतून कोकिळेचा आवाज आला, "सूर्यभान, उगी, उगी रं माझ्या राजा." मी ओसरीवरून "ओ" दिली. दादा, तुम्ही येऊ नका.