चित्रातला आणि पडद्यावरचा

३ ऑगस्ट
आलो एकदाच्या! नवी नोकरी, नवं घर, खिडकीत भरपूर ऊन. धाकट्या बहिणीला सुट्टी आहे, म्हणून तीही माझ्या मागे शेपटासारखी आली. ऑफिस कॉमिक्स छापणाऱ्यांचं. आमच्या कॉमिक्समधलं रक्तपिशाच्च आणि टीव्ही मालिकेतलं रक्तपिशाच्च अगदी सारखं दिसतं म्हणे. साहेबांना कोर्टात जायचंय, म्हणून मी दोन्हींतली साम्यं शोधायची. कॉमिक्स वाचा, मालिका बघा, वर पगार घ्या! धाकटी जळून खाक झाली. मालिकेतल्या त्या पिशाच्चावर तिचा भारी जीव.

५ ऑगस्ट
साम्यं बघून चक्रावले. दोघांची डावी भुवई मध्येच तुटलेली. दोघांच्या उजव्या कानाला पाळी नाही. दोघं तोंड न उघडता हसतात, भर दुपारी येतात आणि कुणी ‘या’ म्हणेपर्यंत चौकटीवर तळवा टेकून उभे राहतात. साहेब खूश. उघड उघड चोरी, म्हणाले.

८ ऑगस्ट
आमच्या चित्रकाराला भेटले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. म्हातारे, एकटे. त्यांनी चोरीबिरी काही झाली नाही म्हणून सांगितलं. अगदी असाच दिसणारा एक माणूस जुन्या भाडेकरूची चौकशी करत त्यांच्या घरी यायचा. बायकोनं त्याला आत बोलावलं आणि ती झिजत गेली. डॉक्टरांना नुसतं रक्त कमी दिसलं. अण्णांवर कुणाचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी तो चितारला. लोकांनी ओळखावा, दार लावून घ्यावं म्हणून.
“लोकांना तो आवडला गं,” म्हणाले आणि रडायलाच लागले.
वय झालंय, दुसरं काय.

११ ऑगस्ट
मालिकेच्या मेकअपवाल्या बाईंकडे गेले. आमची कॉमिक्स त्यांनी कधी पाहिलेली नाहीत. एक पान पुढे धरलं तर मटकन खालीच बसल्या. तो त्यांच्याही दारी आला होता, त्यांचा मुलगा असाच झिजून गेला. नटाचा चेहरा त्यांनी मुद्दाम तसा घडवला होता, अण्णांनी केलं अगदी त्याच आशेनं.
मला घरी कोण असतं विचारलं. धाकटी म्हटल्यावर म्हणाल्या, आधी फोन लाव.
फोनवर धाकटी आनंदानं नुसती किंचाळत होती. मालिकेतला तो स्वतः दारात आला होता! कुणा जुन्या भाडेकरूला शोधत होता. एवढ्या मोठ्या माणसाला दारात कसं ताटकळत ठेवायचं?

१२ ऑगस्ट
धाकटी पांढरीफटक. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन्ही चित्रं समोर ठेवून तिला सांगितलं, तो नट नव्हे. ती हसली. तोंड न उघडता.
पोलीस म्हणाले, मालिका कमी बघा.

१४ ऑगस्ट
कुलूप बदललं. तिला उचलून दूर न्यावं म्हटलं तर जिन्यातच बेशुद्ध पडली. मेकअपवाल्या बाई फोन उचलत नाहीत. अण्णांना काल दवाखान्यात हलवलं. साहेबांना सगळं सांगितलं, तर त्यांना यात नवा अंक दिसला. आता कुणाकडे जाऊ?

१५ ऑगस्ट
दुपार. दाराबाहेर आहे. दाराच्या भिंगातून तुटलेली भुवई दिसली. मी उघडणार नाही—
धाकटी आतल्या खोलीतून ‘या’ म्हणाली. तोंड दाबेपर्यंत म्हणून झालं होतं. कडी तशीच आहे. तो आत—

तिच्या उशाशी बसलाय. मला हलता येत नाही. फक्त हात चालतो. लिही म्हणतो, खुशाल लिही—
हात जोडले. तिला सोडा, मला घ्या म्हटलं. सोडेन म्हणाला. शब्दाला जागतो म्हणे. अण्णांच्या बायकोनंही हेच मागितलं होतं. आधी अण्णांची पाळी होती. अण्णांना ते कधी कळलंच नाही—

बाही वर केलीय. धाकटीला कधी सांगू नका म्हटलं. मान डोलावली त्यानं.
गार. फार गार—
धाकटीच्या गालांवर रंग येतोय. डोळे उघडले. ताई म्हणतेय, ताई काय करतेस, नको गं ता