त्याच नावाची फाइल

१४ मार्च

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. मामीचा गुडघा आता बरा आहे, माझं कॉलेज आणि माझी कुरकुर नेहमीसारखी चालू आहे. हल्ली पत्र कोण लिहितं म्हणून हसशील. पण फोनवर तू "बोल मामा" म्हणालीस की माझी दातखीळ बसते.

विषय परवाचाच. मुलांचे निकाल लावणारा तुझा प्रोग्रॅम माझ्या कॉम्प्युटरवर आमच्या प्राचार्यबाईंना दाखवायचा होता, आवडला तर वर्षभराचं काम तुला मिळणार होतं, आणि तो सुरूच होईना. 'स्टॅटिस्टिक्समध्ये मीन सापडत नाही' असं काहीतरी पडद्यावर. तू फोनवर विचारलंस, "मामा, त्या फोल्डरमध्ये नवीन काही ठेवलंयस का?" मी म्हणालो, "छे! मी कशाला हात लावतोय?" आणि वर सगळ्यांदेखत, "कार्टीने घाईघाईत उरकलेलं दिसतंय."

ठेवलं होतं गं. आदल्या दिवशी तुझी ती प्रोग्रॅमची भाषा, पायथन, शिकायची हौस आली. चार ओळी खरडल्या, फाइल तुझ्याच फोल्डरमध्ये ठेवली आणि तिला मी शिकवतो त्या विषयाचं नाव दिलं, स्टॅटिस्टिक्स. त्याच नावाचं तयार मॉड्यूल पायथनकडे आधीपासून आहे, सरासरी काढणारं 'मीन' त्यातलंच, हे मला कुठे ठाऊक? पायथन आधी शेजारी, त्याच फोल्डरमध्ये बघतो. शेजारी माझी फाइल, आणि माझ्या चार ओळींत सरासरी कुठून असणार!

म्हणशील, चुकून झालं, सोड. पण थांब. मला ते तिथेच कळलं होतं. एररच्या शेवटी फाइलचा पत्ता होता, तो माझ्याच फाइलचा. वाचला आणि गप्प बसलो. चारचौघांत माझं नाक कापलं जाऊ नये म्हणून तुझं कापू दिलं. संध्याकाळी ती फाइल गुपचूप उडवली. मामा मी, आणि मामा बनवलं तुला. फार लाज वाटते.

आज सकाळी प्राचार्यबाईंना सगळं सांगितलं. "हे परवा का नाही बोललात?" एवढंच त्यांनी विचारलं. काम तुला मिळेल का, यावर त्या काही बोलल्या नाहीत.

एक राहिलं. काल तुझ्या आईचा फोन आला होता. ताई रडत होती. म्हणाली, "पोरीमुळे तुला खाली बघावं लागलं रे. माफ कर तिला." मोठी बहीण माझी माफी मागत होती, आणि मी "असू दे, असू दे" म्हणालो.

रविवारी तिला खरं सांगायला येतोय. तू घरी थांबायलाच हवं असं नाही.

तुझ्या आईचा धाकटा भाऊ