झोपून चालवायच्या सायकलीवरचं निशाण

आदरणीय दाजी,
नानासोचा शिरसाष्टांग नमस्कार. अक्काचा गुडघा, तुमची शुगर आणि साताऱ्याची थंडी कशी आहे ते कळवा. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. (मी सोडून.)

फोन मुद्दाम केला नाही, तोंडून भलतंसलतं गेलं असतं. तुमच्या चिरंजीवांनी, वीरधवलनी, वेल्डिंग करून जी सायकल बनवली ती तुम्ही पाहिलीय का? पाठ टेकलेली, पाय पुढे ताणलेले, हँडल मांड्यांवर. आरामखुर्चीला चाकं लावावीत तसा प्रकार. ती घेऊन स्वारी आमच्या यात्रेच्या शर्यतीत उतरली. पलूस फाट्यापासून नाथाच्या देवळापर्यंत जो पहिला येईल, त्याला संध्याकाळी पालखीपुढे निशाण धरायचा मान. पोस्टमन होतो तेव्हापासून तो मान मी कुणाला सोडलेला नाही. (रिटायर झालो ते पोस्टातून, सायकलवरून नव्हे.)

यात्रा कमिटीच्या भाऊसोंना मी आधीच म्हणालो, ही सायकल न्हाई, पलंग हाय. तर म्हणतात, "नाना, दोन चाकं हायती, पायडल हाय. आनि काय पायजे तुला?" झालं, सुटलो. सपाटीला वारा समोरून. मी ताठ बसून तो छातीवर घेतोय आणि हा पठ्ठ्या वाऱ्याच्या खालून निसटतोय! रस्ता दोघांना सारखा आणि वारा मला एकट्याला, हा कुठला न्याय? पण कालव्याचा चढ आला आणि झोपणाऱ्याचं पितळ उघडं पडलं. चढाला पायडलवर उभं राहून अंगाचा भार टाकावा लागतो, तो पडल्या पडल्या कसा टाकणार? मी उभा राहिलो, दातओठ खाल्ले, त्याला गाठलं. आता फक्त पुढे काढायची, तेवढ्यात उसाच्या बांधावरून आमच्या गल्लीतली मनुबाई ओरडली, "आवं नानासो, निशाणाच्या म्होरं जाताय व्हय? लाज हाय का न्हाई?"

कारण वीरधवलच्या सीटमागे उंच काठीवर नाथाचं निशाण फडकत होतं. (ते कुणी बांधलं, हे तूर्त सोडा.) यात्रेत निशाणाच्या पुढे आमच्याकडे माणूस काय, बैलगाडीसुद्धा कुणी काढत नाही. दाजी, चढावर ब्रेक दाबणारा सायकलवाला तुम्ही आयुष्यात पाहिलाय का? तो मी. माझ्यामागे बाकीचे सगळे रांगेत, आणि पुढे हे आडवे महाराज घाम पुसत चाललेत. शर्यतीची मिरवणूक झाली. मग उतार लागला आणि तो दिसेनासा झाला.

निकाल फिरवा म्हणालो, तर भाऊसो म्हणतात, "निशाण पयलं आलं, त्याला दुसरं म्हनू व्हय?" पोरगं पाया पडून वर मलाच म्हणतं, "मामा, तुमी लय दम धरला." संध्याकाळी मान त्याला. काठी सरळ धरता येईना, पार कलली. शेवटी अख्ख्या गावादेखत मागून हात लावून मीच ती सावरली. आत नुसता जळत होतो.

त्याला चार शब्द सुनावा. इथे त्याला रोज पुरणपोळी वाढली जातेय, त्यात माझा काही हात नाही.

आपला संतापलेला मेहुणा,
नानासो

ता. क. निशाण कुणी बांधलं, हे अक्का विचारल्याशिवाय राहणार नाही. मीच बांधलं. गेल्या वर्षीचं निशाण मानकरी म्हणून माझ्याच घरी होतं. पोरगं जमिनीला टेकून जाणार आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. ट्रॅक्टरवाल्याला ते दिसणार कसं? जिवाला चैन पडेना. त्याला वाटतंय कमिटीने लावलं. तसंच वाटू द्या.

आणखी एक. वीरधवलला माझ्या मापाची एक सायकल करायला सांगा. सीट मऊ हवी. आणि मागे निशाणाच्या काठीसाठी पक्की नळी जोडायला विसरू नये, माझा सुतळीवर भरवसा नाही.