कचऱ्यातलं माझं अक्षर

नाना, मागच्या महिन्यात इथल्या, देवासच्या भाजीबाजारात माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका बाईचा तळहात काचेने कापला. त्या सकाळपासून तुमच्याशी बोलायचं मनात घोळतं आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आता घरात सून आली आहे, आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक अक्षर लिहिलेलं नाही. मराठीत लिहायचीही सवय सुटली. ऑफिसात सगळं हिंदीत चालतं. मुलगा घरात मराठी बोलतो, पण वाचायला बसवलं की दुसऱ्या ओळीलाच अडखळतो. सून भोपाळची, तिला आपलं बोलणं कळतं तेवढं कळतं. धारला तुम्ही रोज संध्याकाळी मला समोर बसवून पोथी वाचून घेत होतात, म्हणून निदान मला तरी हे लिहिता येतं आहे.

तुम्ही धारच्या पालिकेत सफाईचे दरोगा होता, झाडूवाल्यांवर देखरेख करणारे. आजोबा संस्थानच्या कचेरीत होते, काका शाळेत हेडमास्तर झाले, आणि तुमच्या वाट्याला बाजाराचा कचरा आला. लग्नकार्यात कुणा नव्या पाहुण्याने विचारलं की काका "पालिकेत आहे" एवढं सांगून विषय बदलायचे. मीही शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे नुसतं "सरकारी नोकरी" लिहायची. तुम्हाला ते माहीत होतं, कारण खाली सही तुमचीच असायची. तुम्ही फॉर्म वाचायचात, सही करायचात, आणि पेन मला परत द्यायचात.

माझ्या तेराव्या वर्षीचा तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. आई तिच्या बहिणीकडे बारशाला हाटपिपल्याला गेली आहे, मला एकटीला घरी ठेवायचं नाही म्हणून तुम्ही सकाळी सायकलवर पुढे बसवून बाजारात नेता. बाजारामागच्या भिंतीशी उकिरडा आहे. तुमच्या हातात ती लोखंडी आकडी. तुम्ही ढीग उकलता आणि मला दाखवता. ही फ्लॉवरची पानं आज पहाटेची, अजून ताठ आहेत. ही पपईची सालं धरमपुरीच्या गाडीतली, तिकडचे लोक फळाभोवती गवत घालतात, ते बघ खाली. या नारळाच्या शेंड्या देवळासमोरच्या दुकानाच्या, त्याला दोनदा सांगितलंय. मला गंमत वाटते. तुम्हाला ढिगाकडे बघून अख्खा बाजार दिसत होता, कोण काय विकतो, कोण काय लपवतो.

तेवढ्यात ती झाडूवाली आली. साठीची असेल, उजव्या हाताला चिंधी बांधलेली. तुमच्यासमोर उभी राहून तिने चिंधी सोडली. "दरोगाजी, परसों कचरा उठाते में कईं चुभी ग्यो. हाथ ऊंचो नी होय." परवा काहीतरी टोचलेलं तिचं मधलं बोट सुजून काळंनिळं झालं होतं आणि त्याला वास येत होता. मी फ्रॉकच्या खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. दुसऱ्या एका कामगाराबरोबर तिला सरकारी इस्पितळात पाठवलंत, ती दिसेनाशी होईपर्यंत थांबलात, आणि मग हळू आवाजात म्हणालात, "वास तिलाही येतो." बस्, एवढंच. मला तुम्ही जन्मात कधी मारलं नाहीत, पण ते तीन शब्द अजून गालावर बसतात.

मग तुम्ही उकिडवे बसून तो ढीग आकडीने उलगडायला लागलात. मीही रुमाल खिशात ठेवून शेजारी बसले. बऱ्याच वेळाने खालच्या थरात रक्ताचा कापूस निघाला, त्याच्यात इंजेक्शनच्या सुया, फुटक्या बाटल्या, आणि औषधाची एक चिठ्ठी. चिठ्ठीवरचं नाव मीसुद्धा वाचलं. ते आपल्या डॉक्टरकाकांचं होतं, तुमच्याबरोबर शाळेत होते ते. त्यांच्या घरी आपण गणपतीच्या आरतीला जायचो. मला कावीळ झाली तेव्हा ते रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आपल्याकडे येऊन जायचे. तुम्ही चिमट्याने एकेक सुई उचलून दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात टाकलीत, झाकण लावलंत आणि मला सायकलवर बसवून थेट त्यांच्या घरी गेलात.

ते झोपाळ्यावर पेपर वाचत होते. तुम्ही डबा त्यांच्यासमोर ठेवलात.

"तुझ्या दवाखान्यातलं आहे," तुम्ही म्हणालात. "बाजाराच्या उकिरड्यात सापडलं."

"कंपाउंडरने टाकलं असेल. सांगतो त्याला." ते हसले. "एवढ्यासाठी रविवारचा आलास? बस, चहा घे."

"चहा नको. आमच्या एका बाईच्या बोटात सुई गेली आहे. बोट काळं पडलंय."

"त्या लोकांना सवय असते रे."

तुम्ही डब्याचं झाकण पुन्हा घट्ट दाबलंत. मग म्हणालात, "उद्या तुला नोटीस येईल. मी स्वतः लिहिणार आहे."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "मला? या पोरीच्या काविळीत मी रोज तुझ्या दारात येत होतो."

"ते विसरलो नाही. म्हणून आधी सांगायला आलो."

परत येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत आलात आणि मी शेजारून चालत होते. वाटेत तुम्ही दोनदा थांबून मागे त्यांच्या घराकडे पाहिलंत, आणि तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की तुम्हालाही भीती वाटते. नोटीस गेली. पुढच्या हळदीकुंकवाला आईला बोलावणं आलं नाही. आरतीला आपल्या घरचं कुणी गेलं नाही. आई कितीतरी दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोलली. एकदा वाढता वाढता म्हणाली, "उकिरड्यापायी जोडलेली माणसं तोडलीत." तुम्ही खाली मान घालून जेवत राहिलात. त्या बाईच्या बोटाचं एक पेर कापावं लागलं, पण हात वाचला आणि ती कामावर परत आली. आणि रोज संध्याकाळी त्या दवाखान्याचा कंपाउंडर झाकण लावलेला डबा घेऊन पालिकेत यायला लागला. मग तुम्ही बाजारातल्या बाकीच्या दवाखान्यांनाही तेच करायला लावलंत.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही, कारण ती तुम्ही गेल्यानंतरची आहे. तुम्हाला नेलं त्या दिवशी डॉक्टरकाका आले होते. आत आले नाहीत, फाटकाशी उभे राहिले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "हातातलं काम नीट केलं नाही तर लाज वाटावी, हे तुझ्या बापाने मला शिकवलं. मी त्याच्याशी पुन्हा बोललो नाही, ते चुकलं माझं." मग पाणी न पिताच गेले. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी रडली.

तुम्ही नोकरीत असतानाच गेलात, म्हणून तुमच्या जागी मला पालिकेत घेतलं. मला मास्तरीण व्हायचं होतं, त्यामुळे पहिली दोन वर्षं मी तुमच्यावर रागावलेली होते. हे तुम्हाला आज सांगायला हरकत नाही. मग लग्न झालं, बदली मागून देवासला आले, खात्याची परीक्षा दिली, आणि आता स्वच्छता निरीक्षक म्हणून या भाजीबाजाराचं काम माझ्याकडे आहे. कचरा आता भिंतीशी पडत नाही, गाडी येते, गाडीवर गाणं वाजतं. ओला वेगळा, सुका वेगळा. हे भाजीवाल्यांच्या गळी उतरवायला मला दोन वर्षं लागली. पालेभाजी विकणारी एक म्हातारी तर रोज भांडायची. "मैडम, दो-दो डिब्बे रखूंगी तो पालक कां रखूं, थारा माथा पे?" मी सलग आठ दिवस सकाळी तिच्या शेजारी पोत्यावर बसले, तिच्या देठांतून प्लास्टिक निवडत राहिले. नवव्या दिवशी तिने शेजारच्या ठेल्यावाल्याला दम दिला, "ऐ भिया, पन्नी इधर मत डाल, गीला है ये." ऑफिसातल्या लोकांना वाटतं हे मला कुठल्या तरी प्रशिक्षणात शिकवलं. मी ढिगाशी उकिडवी बसू शकते, हाताने निवडू शकते, आणि समोरच्या बाईशी बोलताना तिच्या तोंडाकडे बघू शकते, ते सगळं तुमच्या सायकलवर बसून आलेलं आहे. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

आता ती सकाळ. पितृपक्ष संपून आठ-दहा दिवस झाले होते. गाडीत कचरा चढवताना माझ्या टोळीतली एक बाई ओरडली. पस्तिशीची, दोन मुलींची आई, कामाला वाघीण. काळ्या पिशवीतून काच हातमोजा फाडून आत शिरली होती, रक्त थांबेना. तिला रिक्षात घालून इस्पितळात नेलं, तळहाताला टाके पडले. डॉक्टर म्हणाला, शीर वाचली, पण दीड महिना झाडू धरायचा नाही. तिला घरी सोडून मी बाजारात परत आले तेव्हा ती पिशवी तशीच बाजूला पडलेली होती. मुकादम म्हणाला, "पता करना पड़ेगा मैडम, किसने फेंकी." मी म्हटलं, मी बघते. पिशवी कडेला नेली, बसले आणि उलगडली.

भाताचं खरकटं, चहाची पूड, आणि मधोमध लोणच्याची फुटलेली बरणी. मोहरी अजून काचेला चिकटलेली. ती काच एका कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेली होती, आणि ते कॅलेंडर मराठी होतं. टोळीतल्या कुणालाही ते हिंदी वाटलं असतं. मी पान सरळ केलं. पितृपंधरवड्यातल्या एका चौकटीत निळ्या पेनाने लिहिलेलं होतं, "नानांचं श्राद्ध". अक्षर माझं होतं.

आमच्या गल्लीत गाडी आठला येते आणि मी सहालाच बाजारात असते, म्हणून कधीकधी घरची पिशवी स्कूटरवर घेऊन येते आणि बाजारातल्या गाडीत चढवायच्या कचऱ्यात टाकते. ओलं-सुकं वेगळं न करता. बाजारभर जे सांगत फिरते ते घरी करायला मला वेळ नसतो. मी त्या पानाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. मुकादम आला तेव्हा म्हटलं, काही कळत नाही. तीन दिवस ते पान पर्समध्ये होतं. पर्स उघडली की लोणच्याचा वास यायचा.

चौथ्या दिवशी तुमचा तो सुयांचा डबा डोळ्यांसमोरून हलेना, तेव्हा ऑफिसात गेले. साहेबांना पान दाखवलं, पिशवी माझ्या घरची होती असं लेखी दिलं, आणि त्या जखमी बाईला दीड महिना बसून करायचं हजेरीचं काम मिळावं, रोजी बुडू नये, असं त्याच कागदावर मागितलं. साहेब म्हणाले, "इतना लिखने की क्या ज़रूरत है?" मी म्हटलं, ज़रूरत है. त्यांनी सही केली. मग तिच्या घरी गेले. ती दारात बसली होती, मोठी मुलगी तिची वेणी घालत होती, कारण हात वर जात नव्हता. मी उभ्यानेच सांगितलं, "वो थैली मेरे घर की थी."

तिने मुलीला पाणी आणायला सांगितलं, मला खाली बसवलं. "आप खुद बोलने आई मैडम," ती म्हणाली. "कोई नी आता." आणि थोड्या वेळाने, माझी समजूत काढावी तसं म्हणाली, "बहू ने बांधी होगी. नई लड़कियों को ध्यान नी रेता."

आता ती हजेरीच्या टेबलावर बसते, टाके निघाले आहेत, पुढच्या आठवड्यात झाडू हातात घेईन म्हणते. माझ्या घरी दोन डबे आले आहेत. सून मला विचारते, आई, अचानक एवढी कडक कशा झालात. मी तिला काहीतरी सांगून टाळते. हे पत्र मी घडी करून पोथीत ठेवणार आहे, कुठे पाठवायचं तर प्रश्नच नाही. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवता येत नाही. ती बाई सुनेचं म्हणाली तेव्हा मी होकाराची मान हलवली होती, नाना. बरणी माझ्याच हातून फुटली होती, आणि पिशवीही मीच बांधली होती.