ना बेलफास्टला, ना साताऱ्याला

मी, मालिनी फेलिम मॅकव्हे, माहेरची मालिनी आत्माराम पेंडसे, वय एकेचाळीस, रंगांच्या प्रयोगशाळेत नोकरीला, राहणार हेम्सहोफ, लुडविग्सहाफेन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही, आणि भीड तर मुळीच नाही. पुढच्या आठवड्यात मानहाइमच्या रुग्णालयात माझ्यावर मोठी शस्त्रक्रिया आहे. परत आले तर हा कागद मीच फाडीन. नाही आले तर ज्यांना वाचून चरफडायचे असेल त्यांनी खुशाल चरफडावे. मराठीत लिहिते, कारण रागवायला मला दुसरी भाषा जमत नाही. इथल्या कोर्टासाठी भाषांतर लागेल. ते शुभा करंदीकरने करावे आणि एकही शब्द मवाळ करू नये.

१. घर भाड्याचे आहे, ते कोणाला देता येत नाही. आतले सामान आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी उल्का हिची. आधी तिचे शिक्षण, मग बाकीचे. शिवणयंत्र खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लांग यांना. आमचा धर्म कोणता, हे त्यांनी मला कधी विचारले नाही. या आठवड्यात जिना पुसायची पाळी कोणाची, एवढेच विचारले.

२. पितळी पुरणयंत्र वर उल्लेखिलेल्या शुभाला. ती कार्ल्सरूहेला डॉक्टरेट करते आणि दर होळीला माझ्याकडे पुरण वाटायला येते. हे यंत्र माझ्या आईने घरच्यांच्या चोरून पाठवले होते. कारण त्रेपन्न साली मी इथल्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे विवाह नोंदणी कचेरीत, फेलिमशी लग्न केले तेव्हा साताऱ्याला वडिलांनी माझ्या नावाने आंघोळ केली. थोरला भाऊ दिनकर पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभा होता.

३. फेलिमच्या दोन मखमली टोप्या उल्काला. त्या कधीही वेगळ्या करू नयेत. देशाकडून फुटबॉल खेळणाऱ्याला तिकडे अशी टोपी देतात. माझा नवरा बेलफास्टचा कॅथलिक. त्याच्या तरुणपणी आयर्लंडचे दोन संघ होते, एक बेलफास्टचा आणि एक डब्लिनचा. दोन्ही स्वतःला आयर्लंडच म्हणवत, दोन्ही हिरवाच सदरा घालत, आणि तेव्हा एकच खेळाडू दोन्हीकडून खेळू शके. फेलिम खेळला. बेलफास्ट इंग्रजांकडेच राहिलेले, म्हणून तिथल्या सामन्याआधी इंग्लंडच्या राजाचे गाणे झाले. तो हात सरळ ठेवून गप्प उभा राहिला. गायला नाही म्हणून प्रॉटेस्टंट प्रेक्षक त्याच्यावर थुंकले. उभा राहिला म्हणून त्याचा सख्खा भाऊ यूजीन त्याला गद्दार म्हणाला. त्याच आठवड्यात त्यांच्या आईच्या खिडकीवर दगड आले. कोणत्या बाजूचे, ते शेवटपर्यंत कळले नाही. दोन टोप्या मिळाल्या आणि डोके ठेवायला जागा उरली नाही, म्हणून तो राइनकाठच्या एका लहानशा क्लबात खेळायला आला. इथे तो मला भेटला.

४. फेलिमचे खेळाचे बूट सॅम ग्रेसीला. सॅमही बेलफास्टचा, पण प्रॉटेस्टंट. त्या सामन्यात राजाचे गाणे चालू असताना तो फेलिमच्या शेजारी उभा होता आणि थुंकी त्याच्याही बाहीवर पडली होती. पुढे फेलिमच्या आईच्या अंत्यविधीला तो कॅथलिक चर्चमध्ये गेला, म्हणून सॅमच्या वडिलांनी त्याला दार बंद केले. तोही जर्मनीत आला. आज र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात फिटर आहे.

साठ साली डब्लिनचा संघ ड्युसेलडॉर्फला आला आणि जिंकला. फेलिमने उल्काला खांद्यावर घेतले होते. बाहेर पडताना त्याने गावाकडच्या एका माणसाला हाक मारली. तो माणूस म्हणाला, "राजाच्या गाण्याला उभा राहणारा तो तूच ना?" आणि पाठ फिरवून गेला. पुढच्या वर्षी बेलफास्टचा संघ बर्लिनला आला. या वेळी फेलिम एकटा गेला.

"काय झालं?" परत आल्यावर मी विचारले.

"तिकडून आलेल्या प्रेक्षकांत बसलो होतो. एकाने माझं नाव विचारलं. नाव ऐकून म्हणाला, डाव्या पायाचा दिसतोस."

तिकडे कॅथलिकाला हिणवायला असे म्हणतात. माझा नवरा खरोखरच डाव्या पायाने खेळायचा, आणि त्या पायाचे गोल याच लोकांनी उभे राहून पाहिले होते. त्या दिवसानंतर तो एकही आयरिश सामना पाहायला गेला नाही. मी त्या दोन माणसांना माफ केलेले नाही.

५. दीर यूजीन मॅकव्हे यांना काहीही नाही. गेल्या फेब्रुवारीत फेलिम मैदानावर मुलांना शिकवता शिकवता कोसळला आणि गेला. पंधरा वर्षांत एक ओळ न लिहिलेले यूजीन अंत्यविधीला हजर झाले आणि मला न विचारता शवपेटीवर तिरंगी आयरिश झेंडा घातला. सॅम खांदा द्यायला पुढे झाला तेव्हा म्हणाले, "हा हात लावणार नाही."

मी म्हटले, "मग अहो, आधी मला बाजूला करा."

झेंडा मीच काढला, नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला. सॅमने खांदा दिला. कबरीवर अजून माती पडायची होती, तेवढ्यात यूजीन सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगी आमच्या रक्ताची आहे. तिला आमच्या धर्मात वाढवू, आणि आपण कोण आहोत ते तिला शिकवू." जिवंत भावाला जे शिकवत होतात त्याने त्याचा देश सुटला. माझ्या मुलीला तुम्ही काहीही शिकवणार नाही.

६. दिनकर आत्माराम पेंडसे यांनाही काहीही नाही. फेलिम गेल्याचे कळल्यावर त्यांनी सांत्वन केले ते असे: "झालं ते झालं. मुलीला इकडे पाठव. शुद्ध करून घेऊ, म्हणजे पुढे लग्नाला अडचण नको. आणि नवरा रोमन होता की प्रॉटेस्टंट, ते कळव. लोक विचारतात." दिनकरदादा, त्या लोकांना सांगा की तो डाव्या बाजूने खेळायचा. शुद्ध करायला साताऱ्यात दुसरे पुष्कळ आहे. तुमच्या आणि यूजीनच्या गावांमध्ये सात समुद्र आहेत, पण तुम्ही दोघे एकाच आळीतले.

७. म्हणून माझ्या पश्चात उल्काचे पालक सॅम्युएल ग्रेसी आणि त्याची पत्नी ग्रेटा असतील. दुसरे कोणीही नाही. सॅमला मी हे सांगितले तेव्हा तो घाबरला.

"मालिनी, मी प्रॉटेस्टंट. यूजीन कोर्टात जाईल."

"जाऊ दे. म्हणून तर लिहून ठेवतेय."

"पण तिला चर्चला कुठल्या न्यायचं? की देवळात?"

"तिला विचार. नको म्हणाली तर मैदानावर ने."

उल्कालाही विचारले आहे, हे कोर्टाने लक्षात घ्यावे. ती बारा वर्षांची आहे. मराठी सगळे समजते, उत्तर जर्मनमध्ये देते.

"मला काही झालं तर कुणाकडे राहशील?"

"त्सू सॅम," ती म्हणाली. सॅमकडे. विचार करायलाही थांबली नाही.

"आणि काका आले आणि म्हणाले, तू नक्की कोण, तर?"

तिने वहीतून मान वर केली. "इश हाब हाउसआउफगाबेन." मला गृहपाठ आहे.

मग मला रडू आले, म्हणून स्वयंपाकघरात गेले. त्या रडण्याचा या मृत्युपत्राशी संबंध नाही.

८. माझे दहन करावे आणि रक्षा फेलिमच्या कबरीत ठेवावी. भटजी नको, पाद्री नको, झेंडा नको, कोणाच्याही राजाराणीचे गाणे नको. इथे कबरीची जागा मुदतीने मिळते. मुदत संपली की दगड काढतात आणि तीच माती दुसऱ्या कोणाला देतात. तो कुठला, कोणाचा, हे विचारत नाहीत. उल्काने मुदत वाढवायला धावपळ करू नये. या एका गोष्टीबद्दल माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, आपल्याकडे लागतात. दिनकरांना बोट ठेवायला जागा नको, म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही करते.

मालिनी मॅकव्हे

साक्षीदार:
दत्तात्रय गोविंद सहस्रबुद्धे, इंजिनिअर, मानहाइम
लतिका दत्तात्रय सहस्रबुद्धे, मानहाइम

लुडविग्सहाफेन, दि. १२ नोव्हेंबर १९६६