मोजणीच्या आदल्या दिवशी

प्रिय आनुत्सा,

तुझं पत्र काल मिळालं. आईनं ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, "पोरगी धड जेवत नाहीये, अक्षरावरून कळतंय." गुरांची डॉक्टर म्हणून शनिवारी मेंढरांच्या लशीची पेटी घेऊन तू अख्खं गाव हिंडलीस आणि एकही फाटक उघडलं नाही, हे वाचून मला माझंच फाटक आठवलं. ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती.

तू पाळण्यात होतीस. गुरांचे डॉक्टर सबिन नवीनच आले होते, मेंढरांना काळपुळीची लस टोचायला. मी फाटकाआडून सांगितलं, "मेंढरं कालच डोंगरावर गेली." तेवढ्यात मागून आपल्या अकराही मेंढ्या एकदम ओरडल्या. डॉक्टर म्हणाले, "गवरिलदादा, मेंढरं गेली आणि आवाज इथंच ठेवून गेली होय?" मी हसलो, पण आगळ काढली नाही. शेजारच्या दोकियामावशीनंही नाही काढली. विधवा बाई, चारच मेंढ्या. आत जाताना पुटपुटली, "एवढ्या शिकलेल्या माणसाला चीजचं रडगाणं काय सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी मोजणी होती. तू पुढे माझ्या खांद्यावर बसून यायचीस, आठवतं? साऱ्या गावाची मेंढरं कुरणावर, ज्यानं त्यानं आपापल्या मेंढ्यांची धार काढायची, मुख्य मेंढपाळ खाचांची काठी बादलीत बुडवून बघायचा, आणि त्या एका दिवसाच्या दुधावर प्रत्येक घराचा उन्हाळाभरचा चीजचा वाटा ठरायचा. पाद्री मंतरलेलं पाणी शिंपडायचे आणि तू तोंड उघडून थेंब झेलायचीस. आता टोचलेली मेंढी दोन दिवस मलूल असते, पान्हा चोरते. बादलीत बोटभर दूध कमी पडलं, तर मावशीला हिवाळाभर मक्याच्या पिठाची मामालिगा चीजशिवाय कोरडीच गिळावी लागणार.

डॉक्टरांना एवढंच सांगायचं होतं. कोणी सांगितलं नाही, मीही नाही. डॉक्टर "अडाणी गाव" म्हणत निघून गेले. जूनमध्ये एका आठवड्यात मावशीच्या तीन मेंढ्या काळपुळीनं गेल्या. मीच चुना टाकून पुरल्या. ती म्हणाली, "देवाची मर्जी." मी मान खाली घातली. देवावर ते ढकलायचं धाडस मला आजही होत नाही.

पुढच्या वसंतात मी टोपी काढून डॉक्टरांच्या दवाखान्यात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ते उखडले, "अहो, मग मोजणी झाल्यावर येतो की! गेल्या वर्षी तोंडात काय मामालिगा कोंबली होती?" त्या वर्षी शेवटची बादली मोजून झाली, जेवणं उरकली आणि डॉक्टरांनी कुरणावरच पेटी उघडली. दारोदार हिंडणं नाही, सगळ्यांची मेंढरं एका जागी. दोकियामावशीनं आपली उरलेली मेंढी सगळ्यांच्या आधी पुढे केली. नंतर एकोणीस वर्षं मी मेंढरं धरायचो आणि ते टोचायचे. ते दिवस फार चांगले होते गं. कामात बोलणं कमी आणि कुरणावर ताज्या चीजचा वास.

तू लिहिलंस, सोमवारी राजीनामा देऊन जर्मनीतल्या नोकरीच्या करारावर सही करणार. मी अडवत नाही. पण आज बाजारात तुझ्या खोऱ्यातला एक लोकरवाला भेटला. त्याला विचारलं, तुमच्याकडे मोजणी कधी असते? म्हणाला, "परवाच्या रविवारीच झाली की." आणि तू गेलीस शनिवारी! त्यांनी तुला नाकारलं नाही बाळ, लाजून गप्प बसले, माझ्यासारखे. तोच म्हणाला, शुक्रवारी सकाळी मेंढरं डोंगरावर चढतील. उद्या, गुरुवारचा एक दिवस ती अजून खालच्या कुरणावर आहेत, सगळी एका जागी. म्हणून हे पत्र टपालात न टाकता बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय, आजच मिळेल. उद्या पेटी घेऊन जा. पेटी लगेच उघडू नकोस. आधी कोणाच्या बादलीत किती दूध भरलं ते विचार, आणि ते सांगतील ते सगळं ऐकून घे. सही काय, त्यानंतर सोमवारीही करता येईल.

तुझ्या नावानं मेणबत्ती लावून बसलेला,
तुझाच बाबा