डोळे न उघडलेलं सीताफळ

बाई, काल हंगामाच्या सणाला मी चर्चमध्ये पुलपिटवर उभी राहिले आणि बोलले. हो, मीच. हजेरीला साधं 'प्रेझेंट' म्हणता यायचं नाही म्हणून जिच्या नावाला मिस नुसतं वर बघून टिक करायच्या, ती. मला इतका आनंद झालाय ना, की काल दुपारपासून मी सगळ्यांना तेच सांगत सुटलेय. पप्पांना सांगून झालं, मैत्रिणींना व्हॉइस नोट पाठवून झाल्या (मी, आणि व्हॉइस नोट!), पाळकांच्या मिसेसना तर दोनदा सांगितलं, त्या पहिल्याच बाकावर बसलेल्या होत्या तरी. आता फक्त तुम्ही राहिलात. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण खरं म्हणजे हे सगळ्यात आधी तुम्हालाच सांगायचं होतं. तुमचं माझ्याकडे एक वाचन राहिलेलं होतं ना.

मला आपली रविवारची शब्बाथ शाळा आठवतेय. चर्चच्या मागे तुमचं दोन खोल्यांचं घर, आणि ओसरीवर ऊन यायचं म्हणून आम्ही दहा-बारा पोरं थेट स्वयंपाकघरात. एका बाजूला चूल, एका बाजूला ज्वारीची पत्र्याची कोठी, मध्ये तुम्ही आणि तुमची पेटी. संधिवातानं तुमची बोटं पार वाकडी झालेली, चिंचेच्या आकड्यांसारखी. एक सूर दाबायला जायच्या आणि दोन वाजायचे. आम्ही फिदीफिदी हसायचो आणि तुम्ही म्हणायच्या, "हसा, हसा. एकाच्या जागी दोन देतेय प्रभूला." मी तेव्हाही अशीच होते, प्रत्येक गोष्टीत पुढं पुढं. प्रश्न संपायच्या आत हात वर. हात पहिला, आवाज शेवटी. जीभ अडकली की बाकीची पोरं माझं उत्तर देऊन टाकायची आणि मी हात खाली घ्यायची.

मी अकरा वर्षांची असताना बीडला मोठी सभा होती. बाहेरून आलेल्या प्रचारकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मला डोक्यापासून पायापर्यंत गरम गरम वाटलं, आणि परत येताना जीपमध्ये मी एकदासुद्धा अडखळले नाही. आता कळतंय की रस्ताभर मी गाणीच म्हणत होते, आणि गाताना मी कधीच अडखळत नाही. पण तेव्हा मला पक्कं वाटलं, झालं, गेलं, मी बरी झाले! पुढच्याच रविवारी हंगामाचा सण. वेदीपुढं सगळ्यांनी आपापलं पहिलं पीक आणून ठेवलेलं, बाजरीची कणसं, मूग, भोपळे, कापसाची बोंडं, आणि पाय बांधलेला एक कोंबडा. पाळकांनी विचारलं, "कुणाची साक्ष आहे?" आपल्याकडं प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, आणि सुरुवात 'प्रभूची स्तुती असो' अशीच करायची. मी कुणालाही न विचारता उठले, थेट पुढं गेले आणि माईक धरला. "प," म्हणाले. "प. प. प." पुढं काहीच नाही. अख्खी मंडळी माझ्या तोंडाकडं बघतेय, आणि तेवढ्यात कोंबडा आरवला. मागून कुणीतरी म्हणालं, "बस खाली बाय, कोंबड्यानं दिली साक्ष." सगळं चर्च हसलं. मी पळाले ती सरळ तुमच्या स्वयंपाकघरात.

उपासना संपल्यावर तुम्ही आलात. मला वाटलं, जवळ घ्याल. तुम्ही थेट कोठीत हात घातला आणि ज्वारीतून एकामागून एक पाच सीताफळं बाहेर काढली. काळी पडलेली, दगडासारखी.

"ही तू तोडलीस?"

मी मान हलवली. वेदीपुढं ठेवायला आठवडाभर आधी मीच ती तुमच्या परसातल्या झाडावरून तोडली होती, न विचारता, आणि पिकायला तुमच्याच ज्वारीत खुपसली होती.

"कावून गं? ईचारायचं तरी."

"म... मोठी होती."

"मोठी व्हती. पर डोळे कुठं उघडले व्हते?" मग तुम्ही मला हाताला धरून झाडाखाली नेलं आणि दाखवलं. सीताफळावरचे ते उंचवटे म्हणजे डोळे. त्यांच्या मधल्या रेघा पिवळसर पांढऱ्या झाल्या की डोळे उघडले. मग तोडायचं, आणि ते तीन दिवसांत पिकतं. त्याच्या आधी तोडलेलं ज्वारीत ठेवा नाहीतर गोधडीत गुंडाळा, त्याचा दगडच होतो.

"आन् दाबून किती येळा बघितलीस?"

"र... रोज."

"रोज किती येळा?"

मी दोन्ही हातांची बोटं दाखवली. तुम्ही इतक्या हसलात की खाली बसायला लागलं. "अगं, फळ हाय का सायकलचा भोंगा?"

मीही हसायला लागले, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही बोललात. "साक्ष बी तू अशीच तोडलीस बघ. झालं न्हाई ते झालं म्हणून सांगायची घाई कुणाला व्हती, देवाला का तुला?" मला आयुष्यात कुणी इतक्या हळू आवाजात रागावलेलं नाही. मी रडत विचारलं की मग तो कधी बरं करणार. तुम्ही म्हणालात, "मला काय म्हाईत? माझ्यासाठी बी लई लोकांनी प्रार्थना केल्या." आणि बोटं माझ्यापुढं धरली. "ही काय सरळ झाली न्हाईत. पर मी लई तापट व्हते, पोरी. शाळेत शिकवायची तवा पोरं मला घाबरायची. दुखतंय म्हणून समद्यांवर ओरडायची मी. दुखतंय तर अजून बी, पर ओरडणं गेलं. कवा गेलं ते मलाच कळलं न्हाई. हे काय थोडं हाय का?" मग झाडावरच पिकलेलं, पाखरानं एका बाजूनं चोचलेलं एक सीताफळ तोडून चांगली बाजू मला दिलीत. त्याच्याइतकं गोड काही मी अजून खाल्लेलं नाही, आणि हे मी पुण्याचं आईस्क्रीमसुद्धा खाऊन बघितल्यावर लिहितेय.

त्यानंतर दर रविवारी वर्ग सुटला की तुम्ही मला थांबवून घ्यायच्या. मी शास्त्रातली एक ओळ वाचायची, तुम्ही ज्वारी निवडायच्या. एका ओळीला कधी पाच मिनिटं लागायची. घरी, शाळेत, दुकानात सगळे माझे शब्द पूर्ण करून द्यायचे, प्रेमानंच, पण द्यायचे. तुम्ही एकदाही दिला नाहीत. खडा बाजूला, दाणा सुपात, आणि तुम्ही थांबलेल्या. मी अडकले की तुमचा हातसुद्धा थांबायचा. वर्षभरानं तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हा शास्त्रातला एक भाग दाखवून मला म्हणालात, "माझ्या मातीला तूच वाच. किती बी येळ लागू दे. मला कुठं जायचंय?" आणि तुमच्या मातीच्या दिवशी, दफनाआधी, पाळकांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी घसा बसल्याची खूण केली. घसा ठणठणीत होता, बाई. दुसऱ्या कुणीतरी वाचलं, एकदम सरळ, एका मिनिटात.

मधली वर्षं सगळी सांगत बसत नाही. स्पीच थेरपी केली, थोडा फरक पडला. दोन इंटरव्ह्यू नुसतं नाव सांगण्यातच गेले. एक काळ असा होता की मी चर्चला यायची, बसायची आणि डोळे मिटून काहीही मागायची नाही, कारण देवाशी बोलणंच बंद होतं. तरी यायची. का यायची, तेव्हा माहीत नव्हतं. आता बीडला एका लॅबमध्ये काम करते, फोनवर पेशंटला रिपोर्ट सांगते, अडकते, ते 'हॅलो, हॅलो' करतात, मी पुन्हा सांगते. लाज कधी गेली ते मलाही कळलं नाही. एके दिवशी लक्षात आलं की फोन वाजल्यावर तो दुसऱ्या कुणी उचलायची मी वाट बघत नाहीये. त्या दिवशी लॅबमध्ये एकटीच हसले मी!

नव्या पाळकांनी यंदा साक्ष द्यायला सांगितलं तेव्हा आधी मी तीनदा नाही म्हणाले. बॅनर करते, स्क्रीनचं बघते, पोरांचं गाणं बसवते, पण बोलायचं नको. मग तुमचं राहिलेलं वाचन आठवलं आणि चौथ्यांदा हो निघून गेलं.

काल माईक हातात घेतला. "प," म्हणाले, आणि अडकले. तोच माईक, तीच जागा, आणि वेदीपुढं कोंबडासुद्धा होता, आपल्याकडं कोणी ना कोणी आणतंच. पाय पळायला लागले होते, खरंच सांगते. मागून एक काका मदत म्हणून ओरडले, "प्रभूची!" आणि त्यांच्या बायकोनं त्यांना तिथंच गप्प केलं, "गप बसा वो. तिचं तिला म्हनू द्या." मग सगळे थांबले, बाई. अख्खी मंडळी, ज्वारी निवडताना तुम्ही थांबायच्या तशी. मी तो शब्द पूर्ण केला. मग म्हणाले, "मी बरी झालेली नाही." आणि बरोबर तेव्हाच कोंबडा आरवला! यावेळी पहिली मीच हसले. "थांबा दादा, तुमचा नंबर माझ्यानंतर," म्हणाले मी त्याला, आणि हे वाक्य एकदाही न अडखळता. काय हसले सगळे! मग तुमची बोटं, तुमचं ओरडणं, तुमची ज्वारी, सगळं सांगितलं. तुमच्या मातीला खोटा घसा बसला होता, तेही सांगितलं. आणि शेवटी तुम्ही तेव्हा सांगितलेला तोच भाग वाचला. बारा मिनिटं लागली. पाळकांनी स्वतःचा उपदेश छोटा केला, त्याबद्दल पण काही लोकांनी माझे आभार मानले.

हे पत्र कुठं टाकायचा प्रश्नच नाही, वहीतच राहील. फक्त एक गोष्ट काल साक्षीत सांगितली नाही. रोज सकाळी आरशासमोर मी अजूनही एकदा 'प्रेझेंट' म्हणून बघते, गेलं का ते. आणि काल तुमच्याच झाडाची पाच सीताफळं वेदीपुढं ठेवली, डोळे नीट उघडलेली, ज्वारीत तीन दिवस पिकवलेली. त्यातल्या एकावर माझ्या अंगठ्याचा खड्डा पडलेला होता. ती बाजू मी खाली करून ठेवली.